वळकटी टाकायची कुणी

माझी बहीण इर्मा नॉस्के हिच्याविषयी कुणी चार चांगले शब्द बोललं की माझ्या पोटात दुखतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की एव्हिसने लपवून ठेवलं. सख्ख्या बहिणीचं कौतुक ऐकून ज्यांना गुदगुल्या होतात, त्यांची बहीण घरात बसणारी असणार.

इर्मा घरात बसणारी नव्हती. आमचं येलारी म्हणजे एक पेट्रोल पंप, एक दारूचं हॉटेल आणि उन्हाने रंग उडालेली मूठभर घरं. गावाच्या उत्तरेला डांबर संपतं आणि तांबडी माती सुरू होते. सतराव्या वर्षी इर्मा त्या तांबड्या मातीत शिरली आणि मेंढ्यांच्या स्टेशनांवर, म्हणजे मैलोनमैल पसरलेल्या मेंढवाड्यांवर, लोकर कातरणाऱ्यांचा स्वयंपाक करू लागली. कातरणारे म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत पाच वेळा खाणारी जमात. चहाला उशीर झाला तर हत्यारं खाली ठेवतात. अशा पुरुषांच्या टोळीला इर्माने आयुष्यभर पोसलं आणि धाकातही ठेवलं. एकाने मटण वातड आहे म्हटलं, तर तिने त्याची ताटली उचलून कुत्र्याला दिली आणि म्हणाली, "याला विचार." एकदा ओढ्याला पूर येऊन सगळे अडकले, तेव्हा शेवटी शेवटी फक्त कांदे उरले होते. इर्माने रोज कांदेच रांधले आणि रोज त्याला वेगळं नाव दिलं. म्हणे एकानेही तक्रार केली नाही.

हे सगळं मला ती नाताळला घरी आली की ऐकायला मिळायचं. सगळं गाव आमच्या घरात जमायचं आणि इर्मा मधोमध बसून सांगायची. मी चहा ओतायचे. तिच्या एकाही गोष्टीत मी नव्हते. असणार तरी कशी? मी आईजवळ होते, मग आईच्या आजारपणात होते, मग क्लेमशी लग्न करून त्याच घरात होते.

आमच्या भागातली एक रीत इथे सांगायला हवी. आमच्याकडे कुणी कुणाला "चल" म्हणत नाही आणि कुणी "येऊ का" असंही विचारत नाही. विचारलं तर समोरच्याला नाही म्हणायची पाळी येते, आणि ते वाईट दिसतं. म्हणून ज्याला यायचं असेल त्याने सकाळी निघायच्या आधी पिकअपच्या मागे आपली वळकटी टाकायची. वळकटी दिसली की माणूस येणार, नाही दिसली की नाही. निघणारा मागे एकदा बघतो आणि गाडी सुरू करतो. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय आणि कधी कुणाचं भांडण झालेलं नाही.

इर्माने लग्नही चालत्या माणसाशीच केलं. तो पवनचक्क्या दुरुस्त करत रानोरान फिरायचा. तो वारल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, ती येलारीला परत आली आणि माझ्यापासून दोन घरं सोडून राहिली. मला वाटलं, चला, संपली एकदाची हिची भटकंती. आता आम्ही दोघी सारख्याच म्हाताऱ्या. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तर बाईसाहेबांनी कॅम्परव्हॅन घेतली! जुनी, उंच चाकांची, आत झोपायला फळी, चूल आणि पाण्याची टाकी. चहा पिता पिता म्हणाली, "उत्तरेला जाणार. ऊडनाडाटाच्या कच्च्या रस्त्याने ॲलिस स्प्रिंग्जला, तिथून टानामीच्या वाळवंटातून आडवं थेट ब्रूमच्या समुद्रापर्यंत. मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली येऊन लांबच्या वळशाने घरी."

"या वयात?" मी म्हणाले.

"मग कुठल्या वयात? या वयात तरी कुणी जेवायला वाढ म्हणणार नाही."

व्हॅनला पुढे सीटा दोनच. एक इर्माची आणि दुसरी माझी, हे मी मनात धरूनच चालले होते. ते बोलून दाखवायची मला गरज वाटली नाही. क्लेमला मी कपडे धुवायचं यंत्र शिकवलं, रुंद काठाची टोपी घेतली. आतापर्यंतच्या गोष्टी राहू देत. निदान शेवटच्या गोष्टीत तरी मी तिच्या शेजारी बसलेली असणार होते. मला तेवढंच हवं होतं.

टेबल माझं मोठं, म्हणून बेत माझ्या स्वयंपाकघरात शिजायला लागले. नकाशा पसरला की टेबलावर बशी ठेवायला जागा उरत नसे. इर्मा बोटाने रस्ता दाखवायची. इथे रस्त्याला पत्र्यासारख्या घड्या पडलेल्या असतात, तिथे टायरमधली हवा कमी करायची. या पट्ट्यात पेट्रोल नाही, डबे भरून न्यायचे. पाणी एकाच टाकीत ठेवायचं नाही, एक फुटली तर दुसरी हवी. मी माना डोलवत होते आणि मनात म्हणत होते, हवा मी सोडेन, पाणी मी मोजेन.

मग एक दिवस क्वांडाँग या आंबट रानफळाची पाई भट्टीतून काढून मी मागच्या अंगणात गार करायला ठेवली आणि परत आत आले, तर माझ्या खुर्चीत प्रू बसलेली. नकाशावर हिचं बोट!

प्रू म्हणजे ॲडलेडहून आलेली. कुंभारकाम करते. गावातलं जुनं चर्च विक्रीला निघालं ते तिने घेतलं आणि तिथे घर थाटलं. ज्या जागी माझा आणि इर्माचा बाप्तिस्मा झाला तिथे तिचा पलंग आहे. उंच, बारीक, पाय संपता संपत नाहीत. सगळ्यांना डार्लिंग म्हणते. क्लेमलासुद्धा. आणि क्लेम लाजतो.

"एव्हिस डार्लिंग! हा वास कसला गं? वेड लागेल मला. बघ ना, टानामी केवढा लांब आहे! मला तर आत्ताच झोप येत नाही."

"तुझी कशाला झोप उडायला हवी?" मी म्हणाले.

"मी जातेय ना! इर्माने सांगितलं नाही तुला?"

मी इर्माकडे पाहिलं. इर्मा नकाशाच्या घडीवरून नख फिरवत होती. "हं," ती म्हणाली. "प्रू येतेय."

अंगाचा तिळपापड होणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. मी पाई आणून कापली. प्रूला सगळ्यात लहान तुकडा दिला. तिने तोही डोळे मिटून खाल्ला आणि अजून मागितला.

त्यानंतर प्रू रोज यायला लागली. दोघींच्या मधे बसून चहा ओतणं माझ्या वाट्याला आलं, तो मी ओतला. पण तोंडाला मी कुलूप लावलं नव्हतं.

"संध्याकाळी गाडी चालवायला काय सुंदर वाटेल ना? तो तांबडा उजेड!" प्रू म्हणाली.

"हो तर," मी म्हणाले. "कांगारूंनाही तो उजेड फार आवडतो. येतील भेटायला. काचेतून आत."

इर्मा हसली नाही. "संध्याकाळच्या आत थांबायचं, प्रू," एवढंच म्हणाली. कशी हळू आवाजात, कशी समजावून! मला लहानपणी तिने पोहायला शिकवलं ते पाण्यात ढकलून.

"आणि ती शांतता!" प्रू म्हणाली. "मला त्या शांततेतच जायचंय."

"मग तू बोलायचं थांबव, शांतता इथेच मिळेल."

यावर प्रू खळखळून हसली आणि म्हणाली, "एव्हिस, तू किती मजेशीर आहेस!" हिला टोमणा मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, हिच्यात असं काय आहे? हिला ना टायर बदलता येतो, ना उत्तरेची वाट माहीत. कालची आलेली बाई, आयत्या बिळावर नागोबा! आणि माझी बहीण, जिने भल्याभल्या पुरुषांना कधी भीक घातली नाही, ती हिच्यासाठी व्हॅनला पडदे शिवत होती. पिवळे, फुलाफुलांचे. दारात पायपुसणंसुद्धा टाकलं होतं.

तरी मी रोज सकाळी इर्माकडे जात होते. व्हॅन अंगणात उभी, आणि तिचं बाजूचं सरकतं दार सदा सताड उघडं. गादीवर तांबडी धूळ साचायची. मी दार लावून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडं. "वय झालं हिचं," मी क्लेमला म्हणाले. "दार लावायचं भान नाही, आणि निघालीय वाळवंटात."

क्लेम फार बोलत नाही. तो म्हणाला, "तुला जायचंय ना? मग विचार तिला."

"मी विचारू? मी काय भिकारीण आहे?"

"मग नको विचारू," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

निघायचा दिवस जवळ आला. इर्मा नकाशा न्यायला भर दुपारी माझ्याकडे आली, एकटी. बाहेर पत्रे तडतडत होते. मी तिला खुर्चीसुद्धा दिली नाही.

"घेऊन जा," मी म्हणाले. "माझं टेबल मोकळं होईल. पडदे झाले का मॅडमचे?"

"एव्ही, तुझं काय बिनसलंय?"

"माझं कशाला बिनसेल? मी आपली चहा ओतणारी."

"महिनाभर तू नाक फुगवून बसलीस. यायचं नव्हतं तर नव्हतं, पण निदान प्रूशी तरी धड बोल."

"यायचं नव्हतं?" माझा आवाज चढला. "मला कुणी बोलावलं होतं?"

इर्मा माझ्याकडे खुळ्यासारखी बघायला लागली. "बोलवायचं? तुला? गाडी अंगणात उभी होती. वळकटी टाकायला तुला निमंत्रणपत्रिका लागते?"

"गाडी? पडदे लावलेत तिला तू! दारात पायपुसणं आहे! घर आहे ते. दुसऱ्याच्या घरात मी माझं अंथरूण नेऊन टाकू? तसली नाही मी!"

"आणि चाकं? चाकं दिसली नाहीत तुला?"

"पडद्यांच्या खाली चाकं कोण बघतं!"

"देवा," इर्मा म्हणाली आणि स्वतःच खुर्ची ओढून बसली. "अगं, तुझ्यासाठी दार उघडं ठेवत होते मी. सगळी गादी लाल झाली धुळीने. रोज बघायचे, एव्हीने वळकटी टाकली का. आणि तू रोज यायचीस, चांगलं जोर लावून दार बंद करायचीस आणि जायचीस. मी काय समजायचं?"

"धूळ जात होती आत!"

"मला वाटलं, ही मला दाखवून देतेय, येत नाही म्हणून."

मी भट्टीचं दार उघडलं आणि परत लावलं. आत काही नव्हतं.

"मग प्रूने विचारलं," इर्मा म्हणाली. "तिला आपली रीत कुठली ठाऊक. तोंडावर म्हणाली, 'इर्मा, मी येऊ का तुझ्याबरोबर?' मला असं जन्मात कुणी विचारलं नव्हतं. नाही कसं म्हणतात तेच सुचलं नाही."

"म्हणजे ती निर्लज्ज निघाली म्हणून तिला सीट."

"असेल. पण तिने तोंड उघडलं." तिने टेबलावरचा नकाशा स्वतःकडे ओढला. "आणि तुझं मला नवल नाही वाटलं. तू आधीही एकदा वळकटी टाकून काढून घेतलेली आहेस."

"मी? कधी?"

"मन्डोवी स्टेशनला हाताखाली पोरगी हवी होती, तेव्हा. आदल्या संध्याकाळी मी बाबांच्या पिकअपवर तुझी वळकटी पाहिली. तुला सांगते, रात्रभर मला आनंदाने झोप नव्हती. सकाळी बघते तर नाही. मी म्हटलं, हिला मी नको. मग मी हॉर्नही वाजवला नाही."

हे मी कधी कुणाजवळ बोलले नव्हते. "मी नाही काढली," मी म्हणाले. "आईने काढली. मी सकाळी धार काढायला गेले होते. परत आले तर वळकटी माझ्या खाटेवर आणि तू गेलेली. आई म्हणाली, इर्माच म्हणाली नको, तिला कामाची पोरगी हवीय."

"आई असं म्हणाली?"

"हो."

"मी असं बोललेच नव्हते, एव्ही."

"ते मला आत्ता कळतंय."

इर्माने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तिचे केस किती विरळ झालेत ते मला तेव्हा दिसलं. आईवर रागवायचं म्हटलं तर आई दफनभूमीत, तिच्यावर राग काढून उपयोग काय.

"इतकी वर्षं मी नाताळला आले की सगळ्या गोष्टी मोठ्या आवाजात सांगायचे," इर्मा म्हणाली. "तू चहा ओतता ओतता ऐकशील म्हणून. म्हटलं, कळू दे हिला काय घालवलं ते. आणि तू काय करत होतीस?"

"जळत होते."

"अजून?"

"अजून. आत्ता या क्षणीसुद्धा."

ती हसली नाही, आणि ते बरं झालं. मी टेबलाची कड धरली. माझ्या जिभेला ते शब्द इतके अनोळखी होते की आधी घसा खाकरावा लागला. "इर्मा, मला यायचंय," मी म्हणाले. "तुझ्याबरोबर. मी येऊ का?"

इर्माने मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मग म्हणाली, "प्रूला शब्द दिलाय. तो मी मोडणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा विचारलं आणि हे उत्तर! म्हणूनच आमच्याकडे विचारत नाहीत.

"पण प्रूची मुलगी ब्रूमला असते," इर्मा पुढे म्हणाली. "प्रू तिथेच राहणार. परतीला तिची सीट रिकामी."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

"म्हणजे वाळवंट तिला आणि तिचं उष्टं मला?"

"उष्टं म्हण नाहीतर काही म्हण. विमानाने ब्रूमला ये, मी घ्यायला येईन. नको असेल तर नको येऊस." तिने नकाशा उचलला आणि ती गेली.

त्या निघाल्या तेव्हा सगळं गाव रस्त्यावर आलं होतं. प्रू खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवत होती, जशी राणीच निघालीय. इर्माने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. ते बोट माझ्यासाठी होतं की गावासाठी, ते मला कळलं नाही. तांबडी धूळ उडाली आणि व्हॅन त्यात दिसेनाशी झाली.

"गेल्या," क्लेम म्हणाला.

"डोळे आहेत मला," मी म्हणाले.

नंतर अधूनमधून फोन यायचे. मी इर्माशी बोलायला उचलायचे आणि निम्मं बोलणं प्रूचंच ऐकायचे. प्रूने एकटीने टायर बदलला. वाटेवरच्या एका स्टेशनवर प्रूने सगळ्यांना जेवू घातलं. पंपावर भेटेल तो मला विचारायचा, "काय म्हणतात दोघी?" दोघी! माझ्या बहिणीच्या नावाला त्या बाईचं नाव चिकटलं होतं आणि सगळ्या गावाला ते शोभून दिसत होतं. मी क्लेमला सांगितलं, मी मुळीच जाणार नाही. उरलंसुरलं खायची सवय नाही मला. दोन दिवसांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा तो म्हणाला, "बरं."

एका सकाळी मी माझी वळकटी उचलली आणि क्लेमच्या पिकअपच्या मागे टाकली. क्लेमने ती पाहिली. त्याने टोपी घातली, गाडी सुरू केली आणि मला ॲडलेडच्या विमानतळावर नेऊन सोडलं. वाटेत एवढंच म्हणाला, "यंत्रात साबण कुठल्या कप्प्यात घालायचा, ते पुन्हा सांग."

ब्रूमला मी उतरले तेव्हा ओलसर उकाडा अंगाला चिकटला. इर्मा व्हॅनला टेकून उभी होती. वाळली होती आणि कातडी तांब्यासारखी झाली होती. पिवळे पडदेही तांबडे झाले होते. शेजारी प्रू, आपली पिशवी घेऊन. तिने मला मिठी मारली. "एव्हिस डार्लिंग, आम्ही तुझी इतकी आठवण काढली!"

त्या "आम्ही"ने मला मिरच्या झोंबल्या. पण तिचे डोळे भरले होते आणि ती व्हॅनवरून असा हात फिरवत होती की मी तोंड मिटून घेतलं. तिची मुलगी आली आणि तिला घेऊन गेली. जाताना प्रूने तीन वेळा मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, सीटकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता जळायची पाळी तिची आहे. मला किती बरं वाटलं ते मी लिहीत नाही.

मी वळकटी मागे टाकली आणि चढून सीटवर बसले. सीट पार मागे सरकवलेली होती, तिच्या त्या लांब पायांच्या मापाने. माझे पाय तळाला टेकेनात. खालचा दांडा ओढून मी सीट पुढे घेतली, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत.

इर्माने गाडी रस्त्याला लावली. ती जरा खुशीत होती. "प्रू इथे बसायची ना, तेव्हा ती नेहमी..."

"प्रूचं नाव पुन्हा काढलंस तर मी उतरून जाईन."

"उतरून कुठे जाशील? पुढचं गाव सहाशे किलोमीटरवर आहे."

"म्हणूनच सांगतेय," मी म्हणाले. "सहाशे किलोमीटर तू फक्त माझ्याशी बोलायचंस."